गर्दीत कोण कोणाबरोबर आहे

खोटी गर्दी ओळखायला प्रेक्षकाला दोन-तीन सेकंद पुरतात; ती खोटी का वाटली, हे मात्र त्याला सहसा सांगता येत नाही. चेहरे नीट असतात, कपडे नीट असतात, उन्हाची दिशा आणि सावल्याही बिनचूक असतात, आणि तरीही पडद्यावरचा भरलेला चौक ओसाड वाटतो. मी व्हीएफएक्स, म्हणजे चित्रपटांतील संगणकीय दृश्ये, आणि गेमच्या क्षेत्रात क्राउड सिम्युलेशनचे काम करतो. संगणकाने चालवलेली माणसे आभासी रस्त्यांवर सोडायची आणि ती माणसांसारखी वागतील असे पाहायचे, हा माझा रोजचा उद्योग आहे. या कामात सर्वाधिक मेहनत आणि पैसा एकेका आकृतीच्या तपशिलावर खर्च होतो, पण गर्दीचा खरेपणा तिथे फारसा सापडत नाही, असे माझे मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. गर्दीतली माणसे एकमेकांची कोणीतरी लागतात, हे त्यांच्या चालण्या-थांबण्यातून दिसले की गर्दी खरी वाटू लागते. आजच्या बहुतेक सिम्युलेशनमध्ये प्रत्येकजण एकटाच घराबाहेर पडलेला असतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण पडद्यावर गर्दी हवी असेल तर गर्दीच गोळा करावी लागे. ‘गांधी’ या 1982 सालच्या चित्रपटातील अंत्ययात्रेचे चित्रीकरण 31 जानेवारी 1981 रोजी दिल्लीच्या राजपथावर झाले आणि त्यासाठी तीन लाखांहून अधिक माणसे जमली होती. त्या दृश्यातल्या कोणालाही कसे चालावे हे शिकवावे लागले नाही. कोणाला ढकलायचे, कोणाला पुढे जाऊ द्यायचे, लहान मुलाला केव्हा खांद्यावर घ्यायचे, हे सगळे माणसे घरूनच शिकून आली होती. त्यानंतर वीस वर्षांच्या आतच न्यूझीलंडच्या वेटा डिजिटल या व्हीएफएक्स स्टुडिओमध्ये हजारो सैनिकांची लढाई संगणकावर उभी राहिली. त्यासाठी स्टीफन रेगेलस यांनी ‘मॅसिव्ह’ नावाची प्रणाली लिहिली. तिच्यातल्या प्रत्येक सैनिकाला आजूबाजूचे ‘दिसते’ आणि ‘ऐकू येते’, आणि त्यानुसार पुढची हालचाल कोणती करायची हे तो फझी लॉजिकच्या, म्हणजे ‘थोडे जवळ’, ‘बरेच दूर’ अशा ढोबळ मापांवर चालणाऱ्या, नियमांनी स्वतः ठरवतो. 2002 साली प्रदर्शित झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतल्या ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटातील हेल्म्स डीपच्या लढाईने ही पद्धत जगभर माहीत करून दिली आणि 2004 साली रेगेलस यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

या प्रणालीविषयी एक आख्यायिका आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. सुरुवातीच्या एका चाचणीत काही सैनिक लढाई सोडून पळून गेले, म्हणजे त्यांना भीती वाटू लागली, असे लोक कौतुकाने सांगतात. रेगेलस यांनी स्वतः याचा खुलासा केलेला आहे: त्या एजंटना, म्हणजे स्वतः निर्णय घेणाऱ्या संगणकीय आकृत्यांना, शत्रू दिसलाच नव्हता, आणि ज्या दिशेला तोंड होते त्या दिशेने ते धावत सुटले होते. मला आख्यायिकेपेक्षा हा खुलासा जास्त महत्त्वाचा वाटतो. पाहणाऱ्याला दूरवरची एक लहानशी आकृती, तिचा वेग आणि तिची दिशा एवढेच दिसले, आणि तेवढ्यावरून त्याने भीती वाचली. गर्दी पाहताना आपण सगळेच असे वाचत असतो. कोण घाईत आहे, कोण वाट चुकला आहे, कोण कोणाची वाट पाहतो आहे, हे आपल्याला चेहरा न दिसताही कळते. म्हणूनच हालचालीत अर्थ नसेल तर चेहऱ्यावर कितीही काम केले तरी ते वाया जाते.

संगणकावरच्या समूहाची गोष्ट मात्र माणसांपासून सुरू झाली नाही, ती पक्ष्यांपासून सुरू झाली. क्रेग रेनॉल्ड्स यांनी 1987 साली ‘बॉइड्स’ची कल्पना मांडली. शेजाऱ्यावर आदळायचे नाही, शेजाऱ्यांच्या दिशेने उडायचे आणि शेजाऱ्यांपासून फार दूर जायचे नाही, एवढ्या तीन नियमांवर पडद्यावर पक्ष्यांचा थवा वळू लागला, फुटू लागला, पुन्हा एकत्र येऊ लागला. थव्याला कोणी नेता नव्हता आणि थव्याचा आकार कोणी आखून दिलेला नव्हता. आजही ते पाहताना मला आनंद होतो. परंतु शेजारी जिकडे चालला आहे तिकडेच जाण्याची ओढ माणसाला नसते. दादरच्या पुलावर शेजारून चाललेला माणूस पश्चिमेला उतरणार असतो आणि आपल्याला मध्य रेल्वेचा फलाट गाठायचा असतो. प्रत्येकाचे मुक्कामाचे ठिकाण वेगळे आणि वाट मात्र एकच, ही माणसांच्या गर्दीची मूळ अडचण आहे, आणि थव्याच्या नियमांत तिला जागा नाही.

ती जागा डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी 1995 साली करून दिली. त्यांच्या ‘सोशल फोर्स मॉडेल’मध्ये प्रत्येक पादचारी आपल्या मुक्कामाकडे विशिष्ट वेगाने ओढला जातो आणि इतर माणसे व भिंती त्याला दूर लोटतात. मोकळ्या रस्त्यावर चालण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 1.34 मीटर धरला जातो, आणि माणसागणिक तो थोडा कमी-जास्त ठेवला जातो. इतक्या साध्या सामग्रीतून जे उद्भवते ते थक्क करणारे आहे. समोरासमोर येणारे दोन प्रवाह कोणी न सांगता आपापल्या पट्ट्या पाडून घेतात; अरुंद दारातून काही वेळ इकडची माणसे जातात, मग काही वेळ तिकडची. गर्दीच्या वेळी कोणत्याही उपनगरी स्थानकाच्या जिन्यावर पाच मिनिटे उभे राहिले तर हे दोन्ही डोळ्यांसमोर घडताना दिसते. रचना न सांगता उमटणे हा या मॉडेलचा मोठा गुण आहे आणि सुरक्षेच्या अभ्यासात, दारे किती रुंद ठेवावीत, खांब कुठे असावेत अशा प्रश्नांसाठी, त्याचा उपयोग होत आला आहे.

पण हेच मॉडेल रस्त्याच्या उंचीवरून, म्हणजे डोळ्यांच्या पातळीवरून, जवळून पाहा. माणसे एकमेकांजवळ येतात, मग जणू अदृश्य गादीवर आपटल्यासारखी बाजूला होतात. दाटी वाढली की ती सुपात पाखडलेल्या दाण्यांसारखी जागच्या जागी थरथरत राहतात. याचे कारण असे की त्यांच्यातला परस्परसंबंध अंतरावर ठरवलेला आहे, आणि माणूस अंतराचा विचार फारसा करत नाही. तो पुढच्या दोन-तीन सेकंदांचा विचार करतो. शेजारून त्याच दिशेने चाललेला माणूस हातभर अंतरावर असला तरी आपण त्याची दखल घेत नाही. समोरून सरळ आपल्याच रोखाने येणारा माणूस दहा पावलांवर असतानाच आपण खांदा किंचित वळवतो. इओआनिस कारामुझास, ब्रायन स्किनर आणि स्टीफन गाय यांनी 2014 साली खऱ्या पादचाऱ्यांच्या नोंदी तपासून हीच गोष्ट गणिताने दाखवून दिली. दोन माणसांमधला प्रभाव त्यांच्यातल्या अंतरावर नव्हे, तर टक्कर व्हायला किती वेळ उरला आहे यावर अवलंबून असतो, आणि तो वेळ जसा वाढतो तसा प्रभाव त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. हा बदल केल्यावर पडद्यावरच्या माणसांच्या चालण्यात जो शांतपणा येतो तो लगेच जाणवतो. ती आधीच, अगदी थोडी, वळतात, आणि त्यामुळे त्यांना पुढचे दिसते असे वाटू लागते.

इथे एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो बहुतेक सिम्युलेशनमध्ये सुटतो. जवळजवळ सर्व मॉडेलांत माणूस म्हणजे जमिनीवरचे एक वर्तुळ असते. खरा माणूस वर्तुळ नसतो. खांद्यांच्या बाजूने तो रुंद असतो आणि छातीपासून पाठीपर्यंत त्याच्या साधारण निम्मा असतो. याचा फायदा आपण सतत घेतो. अरुंद बोळात समोरून कोणी आले की आपण अंग चोरतो: एक खांदा मागे जातो, पिशवी शरीरासमोर येते, पाऊल तिरके पडते, क्षणभर श्वासही धरला जातो, आणि समोरचाही त्याच वेळी त्याचा तोच खांदा मागे घेतो. दोन वर्तुळे जिथून एकमेकांना ओलांडूच शकणार नाहीत, तिथून दोन माणसे न थांबता निघून जातात. हे दाखवायचे असेल तर चालण्याच्या क्लिपखेरीज, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या हालचालीच्या तुकड्याखेरीज, खांदा वळवून चालण्याची क्लिप वेगळी घ्यावी लागते आणि ती नेमक्या क्षणी मिसळावी लागते. काम कटकटीचे आहे, पण बाजारपेठेच्या दृश्यात एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो नवे शंभर पोशाख तयार करूनही पडत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फ्रान्समधील संशोधक मेहदी मूसाईद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या गर्दीची निरीक्षणे करून 2010 साली असे दाखवले की गर्दीतली 70 टक्क्यांपर्यंत माणसे कोणाच्या ना कोणाच्या सोबत चाललेली असू शकतात: जोडपी, मित्र, कुटुंबे. याचा अर्थ असा की एकट्या माणसाला घटक मानून उभारलेली सिम्युलेशन्स गर्दीतल्या अल्पसंख्याकांचे चित्र काढत आहेत. या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग सोबतीच्या आकाराविषयी आहे. रस्ता मोकळा असेल तर तिघेजण एका ओळीत, खांद्याला खांदा लावून चालतात. गर्दी थोडी वाढली की ओळ वाकते, मधला माणूस किंचित मागे राहतो आणि कडेचे दोघे पुढे होतात. पुढे वाट काढायच्या दृष्टीने हा आकार अगदी उलटा आहे. आकाशातून जाणाऱ्या बगळ्यांची माळ टोक पुढे करून वारा कापते, आणि माणसांची त्रिकुटे टोक मागे ठेवून चालतात. असे का, तर तिघांनाही एकमेकांचे चेहरे दिसावेत आणि बोलणे चालू राहावे म्हणून. बोलता यावे यासाठी माणसे आपला वेग आणि सोय सोडून देतात. एखाद्या एजंटला मुक्काम, वेग आणि अडथळे एवढेच दिलेले असेल तर तो असे कधीच करणार नाही.

सणासुदीच्या आधी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिले की या संशोधनाच्या पुढचे बरेच काही पाहायला मिळते. साडीच्या दुकानाच्या काचेसमोर बाई थांबते. सोबतचा नवरा लगेच थांबत नाही. तो दोन पावले पुढे जातो, मग त्याला शेजार रिकामा झाल्याचे जाणवते, तो मान वळवतो, पण मागे परतत नाही, तिथेच अर्धा वळून उभा राहतो. त्यांच्यामधल्या त्या दोन-तीन पावलांच्या जागेतून इतर लोक जातात खरे, पण दोघांमध्ये नजरानजर चालू असेल तर जरा बिचकून किंवा वळसा घालून जातात. लहान मूल असेल तर त्याचा हात मोठ्याच्या हातात असतो आणि मूल नेहमी ताणाच्या दिशेने, म्हणजे ज्या बाजूला खेळणी असतील त्या बाजूला, थोडे कललेले असते. गर्दी अगदी दाटली की सबंध कुटुंब एकामागोमाग एक अशी साखळी करते: पुढे वाट काढणारा, मग मुले, शेवटी आजी, आणि आजीच्या पाठीवर मागून येणाऱ्या सुनेचा हात. या साखळीला मधून तोडून जाणारा माणूस क्वचित दिसतो. माझ्या दृष्टीने गर्दीचा खरा मजकूर हाच आहे. प्रत्येक एजंटला ‘तू कोणाबरोबर आहेस’ हे सांगितले, आणि सोबतीपासून किती लांब गेले की थांबायचे, केव्हा मान वळवायची, केव्हा परत यायचे, हे थोडक्या नियमांत बांधले, तर तीच आकृती, तेच कपडे आणि तीच चालण्याची क्लिप वापरूनही दृश्य बोलू लागते.

सोबतीइतकाच महत्त्वाचा दुसरा संबंध म्हणजे वाट कोणी कोणाला द्यायची. टक्कर टाळण्याची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात युर व्हॅन डेन बर्ग, मिंग लिन, दिनेश मनोचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 ते 2011 या काळात विकसित केली. तिचा गाभा असा की दोन एजंट आदळणार असतील तर प्रत्येकाने निम्मी जबाबदारी घ्यावी. हे गणित इतके चोख आणि वेगवान आहे की हजारो एजंट क्षणार्धात हाताळता येतात, आणि मी स्वतः ते रोज वापरतो. परंतु रस्त्यावर जबाबदारी निम्मी-निम्मी वाटलेली नसते. चर्चगेट स्थानकाबाहेर डोक्यावर डब्यांची लांब पाटी घेतलेला डबेवाला धावत निघाला की तो वळत नाही, बाकीचे वळतात. हातगाडीवाल्याने लांबूनच आवाज दिला की वाट आपोआप मोकळी होते. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना सगळे वळसा घालतात, आणि घोळक्याने चाललेल्या महाविद्यालयीन मुलांसमोर एकटा माणूस फुटपाथवरून खाली उतरतो. वय, ओझे, घाई, संख्या आणि दुर्दैवाने सामाजिक स्थानही, या सगळ्यांवर कोण किती वळणार हे ठरते. प्रत्येक जोडीसाठी हा वाटा वेगळा ठेवता येतो आणि कोडमध्ये तो बदल छोटासा आहे. तो न केल्यामुळेच आभासी रस्त्यावर सगळे सारखेच सभ्य आणि म्हणून सारखेच परके वाटतात.

हे नियम देशागणिक बदलतात याचाही पुरावा आहे. उज्ज्वल चट्टराज, आर्मिन सायफ्रिड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी 2009 साली भारतातील आणि जर्मनीतील पादचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हीकडे एकाच मापाच्या बंदिस्त मार्गिकेत माणसांना एकामागोमाग एक चालायला लावले आणि माणसांची संख्या हळूहळू वाढवली. दाटी वाढली तसा दोन्हीकडचा वेग कमी झाला, पण भारतीयांचा वेग दाटीमुळे कमी प्रमाणात घटला, कारण पुढच्या माणसापासून त्यांना लागणारे किमान अंतर कमी होते. संशोधकांचा निष्कर्ष असा की भारतीयांची काहीशी अव्यवस्थित चाल जर्मनांच्या व्यवस्थित चालीपेक्षा जास्त परिणामकारक ठरली. हा निष्कर्ष वाचून मला वाटलेला अभिमान थोडा बाजूला ठेवून सांगतो की आमच्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ फार व्यवहारी आहे: युरोपातल्या पादचाऱ्यांवरून ठरवलेले आकडे जसेच्या तसे घेऊन मंडईचे दृश्य उभारले, तर लोक उगाचच अंतर राखून, खोळंबून चालताना दिसतात, आणि ती मंडई वाटत नाही.

एकसारखेपणाचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर थोडक्यात लिहितो. एकच आकृती गर्दीत अनेकदा वापरली की तिला आम्ही क्लोन म्हणतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये रेचल मॅकडॉनेल, कॅरल ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली याचा पद्धतशीर अभ्यास केला. दिसण्यातले क्लोन लोक चटकन ओळखतात. चालण्यातले क्लोन ओळखणे त्या मानाने अवघड जाते. पुढच्या अभ्यासात त्यांना असेही आढळले की पाहणाऱ्याची नजर मुख्यतः डोके आणि शरीराचा वरचा भाग इथेच जाते. म्हणजे चपला बदलण्यात वेळ घालवण्यापेक्षा टोपी, पदर, चष्मा, केशरचना आणि सदऱ्याचा रंग बदलावा. शिवाय सारखे चालणाऱ्यांची पावले एकाच वेळी पडू नयेत, याचीही काळजी घ्यावी लागते.

पावलांच्या बाबतीत मात्र पंढरीच्या वाटेवर हा नियम उलटा होतो. दिंडीत टाळकऱ्यांची पावले एकत्र पडतात. ती तशी पडली नाहीत तर ती दिंडीच नव्हे. मग तिथे खरेपणा कुठून आणायचा? पावली खेळणाऱ्या रांगेकडे बारकाईने पाहिले तर उत्तर मिळते. ताल एकच असतो, पण तो प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या वाटेने उतरतो. तरुण टाळकरी तालाच्या आधीच गुडघा उचलतो, वयस्कर वारकरी पाऊल जेमतेम उचलतो पण बरोबर ठोक्यावर ठेवतो, एखाद्याचा ताल खांद्यात असतो आणि पाय फक्त सोबत करतात. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मृदंगापासून 34 मीटरवर चालणाऱ्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, आणि लांबलेल्या दिंडीत पुढून मागे जाणारी एक सूक्ष्म लाट दिसते. पताकाधारी, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे ठरलेले क्रमांक: इतका मोठा समुदाय ज्या क्रमाने चालतो तो क्रम त्याच्या आतून आलेला असतो. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. असा संकेत कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये नाही. लाखोंच्या समुदायात एका उंचावलेल्या दंडाने शांतता कशी पसरते, कोणाला तो दंड दिसतो आणि कोण केवळ शेजारी थांबला म्हणून थांबतो, हे सिम्युलेशनमध्ये नीट उतरवणे मला या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर आव्हानांपैकी एक वाटते.

पडद्याऐवजी हेडसेट असेल, म्हणजे पाहणारा स्वतःच गर्दीत उभा असेल, तर अपेक्षा आणखी वाढतात. मेल स्लेटर यांनी 2009 साली आभासी वास्तवाच्या अनुभवाचे दोन भाग वेगळे करून मांडले: मी त्या ठिकाणी आहे असे वाटणे, आणि इथे जे घडते आहे ते खरोखर घडते आहे असे वाटणे. पहिला भाग यंत्र चांगले असेल तर साधतो. दुसऱ्या भागासाठी गर्दीने आपली दखल घ्यावी लागते. स्लेटर आणि सहकाऱ्यांच्याच 2002 सालच्या एका प्रयोगात लोकांना आभासी श्रोत्यांपुढे भाषण करायला सांगितले होते. श्रोते दुर्लक्ष करणारे आणि नाराज दिसणारे असले की बोलणारे खरोखर अस्वस्थ झाले, समोर कोणी नाही हे ठाऊक असूनही. त्यामुळे हेडसेटमधल्या रस्त्यावर मी एक साधी गोष्ट आवर्जून करतो: जवळून जाणाऱ्या माणसाने एकदा आपल्याकडे पाहावे आणि नजर काढून घ्यावी. नजर थोडी जास्त रेंगाळली तर भीती वाटते. मुळीच पडली नाही तर आपण तिथे नसल्यासारखे वाटते. योग्य काळ सेकंदाच्या आसपास असतो, आणि तो दृश्यागणिक हाताने जुळवावा लागतो.

संगणकाची ताकद मर्यादित असते हे खरेच आहे, आणि लांबच्या माणसांना जवळच्या माणसांइतकी बुद्धी देणे शक्य नसते. 2014 च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये क्रांतिकाळातल्या पॅरिसच्या चौकांत हजारोंचा जमाव दिसतो, त्यांपैकी खेळाडूच्या जवळचे मोजकेच पूर्ण एजंट असतात, बाकीचे हलक्या प्रतिकृती असतात आणि खेळाडू जवळ जाईल तसा त्यांचा दर्जा वाढवला जातो. हा मार्ग योग्यच आहे. माझी विनंती एवढीच की हलक्या प्रतिकृतींतूनही सोबत काढून टाकू नये. दोनशे फुटांवरच्या आकृतीला बोटे नसली तरी चालते, पण ती कोणाबरोबर चालली आहे हे तेवढ्या अंतरावरूनही दिसते.

अलीकडे नियम हाताने लिहिण्याऐवजी खऱ्या नोंदींवरून यंत्राला शिकवण्याकडे कल आहे, आणि मला ही दिशा आशादायक वाटते. फक्त त्या नोंदी कुठल्या आहेत हे पाहावे. या शाखेत मॉडेल जोखण्यासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे दोन नोंदसंग्रह झ्युरिक आणि सायप्रस इथल्या विद्यापीठांचे आहेत. त्यांत युरोपातले फुटपाथ, विद्यापीठाचा परिसर आणि दुकानांसमोरची तुरळक वर्दळ आहे. त्या संशोधकांचे ऋण मोठे आहे, कारण त्यांनी त्या नोंदी सर्वांना मोकळ्या केल्या. पण त्यांत स्थानकाचा जिना नाही, आठवड्याचा बाजार नाही, हातगाडी नाही, एकमेकांचे हात धरून चाललेली दहा माणसांची साखळी नाही. आपल्या विद्यापीठांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते. कॅमेरा इतका उंच लावावा की कोणाचा चेहरा ओळखू येऊ नये; गच्चीवरून सरळ खाली रोखलेला असला तर उत्तम. प्रत्येकाचा मार्ग काढून देणारी साधने आता सहज मिळतात. कष्टाचे काम त्यापुढचे आहे: एकेका व्यक्तीच्या नोंदीपुढे ती कोणाबरोबर होती हे माणसाने पाहून लिहायचे, साखळी कुठे जुळली आणि कुठे सुटली ते टिपायचे, कोणी कोणाला वाट दिली ते नोंदवायचे. रस्त्यावर वाढलेल्या कोणाही विद्यार्थ्याला हे पाहताक्षणी कळते, आणि यंत्राला ते दुसऱ्या कोणाकडून शिकता येणार नाही.